धागा : दिवटी एकाच्या हाती, तलवार दुसऱ्याच्या

१/ सध्या एक चित्रफीत फार फिरते आहे. काळोखी खोली, रोखलेले पिस्तूल, नळीखाली बसवलेला टपोरा दिवा, त्याचा पांढरा झोत भिंतीवर; मागे ढोल-ताशा, आणि खाली ओळ अशी की मावळ्यांच्या हाती मशाल होती, आपल्या हाती हे आहे. माझ्या चुलतभावाने ती मला तीनदा पाठवली. तिसऱ्या वेळी सोबत हुकूमही आला : "इतिहासाच्या बाई, यावर लिहा." लिहिते. यंत्रमागाच्या गावची असल्यामुळे धागा लांबला तर सांभाळून घ्यावे.

२/ माझे म्हणणे आधीच मांडून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. घरच्या संरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलावर दिवा चढवणे घातक आहे, आणि त्यावर मराठ्यांच्या इतिहासाचा शेला पांघरणे ही शुद्ध थाप आहे. रात्री दिवा हवाच. तो नळीला बांधलेला नको, एवढेच माझे म्हणणे.

३/ प्रथम मशालीचा समाचार घेऊ. जेजुरीला गेला असाल तर दिवटी-बुधली पाहिली असेल. एका हातात पेटती दिवटी, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. चिंध्यांचा पलिता सतत तेल मागतो; तेल घातले नाही की तो मंदावतो. म्हणजे जुना उजेड हे दोन्ही हात गुंतवणारे काम होते. म्हणूनच लष्करात आणि सरदारांच्या स्वारीत मशालजी हा वेगळा माणूस असे, त्याचा वेगळा पगार असे. तो शस्त्र चालवत नसे आणि शस्त्र चालवणारा मशाल धरत नसे. चित्रफितीतला एका हाती मशाल, दुसऱ्या हाती तलवार घेतलेला मावळा कॅलेंडरांनी घडवलेला आहे.

४/ (जाता जाता : मशाल धरणाऱ्यांची नावे बखरींत शोधून पाहा. तलवारवाल्यांची पानेच्या पाने सापडतात. उजेड धरणारा बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा, आणि तो निनावीच राहिला. आज त्याची मशाल मिरवणाऱ्यांना त्याची आठवण यावी अशी माझी अपेक्षा नाही.)

५/ आता आपल्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रात्रीची झुंज घेऊ. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना, पुण्याचा लाल महाल. मुक्काम शाइस्ताखानाचा, हल्ला शिवाजी महाराजांचा. म्हणजे या प्रसंगात घरात झोपलेला, आत्मसंरक्षण करणारा पक्ष खानाचा आहे. त्या बाजूने प्रसंग वाचायची आपल्याला सवय नाही, पण एकदा वाचून पाहा. खान वाचला कसा? जदुनाथ सरकारांच्या कथनानुसार जनानखान्यातील कुणा शहाण्या स्त्रीने दिवे मालवले. त्या काळोखात दोन मराठे पाण्याच्या हौदात कोसळले आणि दासींनी खानाला दुसरीकडे नेले. त्याची बोटे गेली, जीव राहिला. त्याचा मुलगा अबुल फतह मात्र मारला गेला.

६/ याच प्रसंगाची दुसरी बाजू आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. त्या काळोखात जनानखान्यातील काही स्त्रियाही मारल्या गेल्या, काही जखमी झाल्या. त्यांना मारण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. उत्तम शिक्षण मिळालेले, महिनोन्‌महिने बेत आखून आलेले, महाराजांच्या नजरेखालचे निवडक सैनिक होते ते. तरी काळोखात तलवार माणूस निवडू शकली नाही. या रात्रीवरून "काळोखात शस्त्र घेऊन उभे राहा" असा धडा काढायचा असेल, तर आधी या स्त्रियांचा हिशोब द्यावा लागेल.

७/ मग आपल्याकडे सामान्य माणसाचे रात्रीचे संरक्षण होत कसे असे? येथे खरी रोचक सामग्री आहे. गावाच्या वेशीवर वेसकर, रानात आणि गल्लीत रामोशी, आमच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात बेरडही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. गावातल्या प्रत्येक माणसाची चाल-वागणूक राखणदाराला ठाऊक असावी लागे. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर. माग हरवला तर चोरीचा माल भरून देण्याची पाळी येई.

८/ म्हणजे रामोशाचे मुख्य हत्यार कोणते? ओळख. कोण गावचा, कोण परका, कोण रात्री उशिरा मळ्यातून परततो, कोणाच्या चपलेची टाच झिजलेली आहे. त्याच्याकडे तलवार असे, भाला असे, पुढे बंदूकही असे. परंतु पहिली पायरी हाळीची होती. "कोण आहे?" या दोन शब्दांना उत्तर आले की निम्म्याहून अधिक रात्री तेथेच मिटत.

९/ आणि ही केवळ आपल्याकडची चाल नव्हती. इ. स. पू. ४५० च्या सुमाराचे रोमचे 'बारा फलकांचे कायदे' रात्री शिरलेल्या चोराला ठार मारण्याची मुभा देतात. दिवसाच्या चोराला मारायचे तर त्याने शस्त्राने प्रतिकार केलेला असावा लागे. पण पुढे गायस हा कायदेपंडित या मुभेला एक अट असल्याचे सांगतो : मारणाऱ्याने मोठ्याने ओरडून तसे जाहीर केले पाहिजे. हाक हवी, शेजाऱ्यांच्या कानी पडेल अशी. टायबर नदी आणि नीरा नदी यांच्या काठांवरची माणसे एकमेकांना न भेटता एकाच निष्कर्षाला आली, याचे मला वाचताना फार अप्रूप वाटले होते.

१०/ आपला कायदाही रात्र वेगळी मानतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १०३ रात्रीच्या घरफोडीविरुद्ध मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊ देत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ४१ झाले. 'रात्री'च्या जागी 'सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी' आले. चित्रफीतवाले येथवर येऊन थांबतात आणि टाळी घेतात. त्याच प्रकरणातील कलम ३७ ते वाचत नाहीत : संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि सरकारी यंत्रणेकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्कच नाही.

११/ मग काळोखात चूक झाली तर? 'सद्भावनेने' झालेल्या वस्तुस्थितीच्या चुकीला कायदा क्षमा करतो, आणि सद्भावना म्हणजे योग्य काळजी व लक्ष अशी त्याची व्याख्या आहे. १९५८ च्या मे महिन्यात ओरिसातील रसगोविंदपूर येथे, दुसऱ्या महायुद्धातील एका ओसाड विमानतळावर, रात्री मिणमिणता उजेड हलताना दिसला. भुतांच्या भीतीने पछाडलेला एक नोकर खुकरी घेऊन त्यावर तुटून पडला. त्या मोहाची फुले वेचायला आलेल्या आदिवासी स्त्रिया होत्या; उजेड त्यांच्या कंदिलाचा होता. एक मेली, आणखी दोघी गंभीर जखमी झाल्या. ओरिसा उच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम ठेवली : अधिक काळजी घेतली असती तर हे टळले असते, एवढ्याने त्याचे संरक्षण हिरावता येत नाही.

१२/ निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल. पण विद्यार्थिनी म्हणून मी या प्रकरणापाशी दुसऱ्याच कारणासाठी अडकून पडते. तेथे उजेड होता! त्या स्त्रियांच्याच हातात होता. त्या उजेडाने माणूस दाखवला नाही, भूत दाखवले. पाहणाऱ्याच्या मनात जे आधीच भरलेले असते, तेच झोतात उमटते.

१३/ आपल्या राज्यातला दाखला हवा? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी मुले पळवणारे म्हणून मारले गेले. आठवडे बाजाराचा दिवस, भर उजेड. सूर्यापेक्षा मोठा दिवा कोणत्याही कंपनीने अद्याप काढलेला नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला. नजरेतून गेला नाही. पिस्तुलाखालचा झोत रात्री कोणाच्या चेहऱ्यावर पडणार आहे आणि पाहणाऱ्याला तो चेहरा कसा वाटणार आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय 'आत्मसंरक्षणा'वर बोलताच येत नाही.

१४/ पेशवाईतले पुणे आठवा. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास बंदी, आणि फिरणारा आपोआप संशयित. १७९१ च्या ऑगस्टमध्ये घाशीराम कोतवालाच्या माणसांनी श्रावणातील दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण चोर समजून धरले आणि अरुंद जागेत कोंडले. वीसहून अधिक जण गुदमरून मेले. सकाळच्या उजेडात दार उघडले तेव्हा ओळख पटली. ३१ ऑगस्टला लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचले. तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम सर्वांना ठाऊक आहे. त्या बंद खोलीतले 'चोर' कोण होते, हे सहसा कुणी विचारत नाही.

१५/ आता या उपकरणाचा खरा वंश पाहू. दिव्याचे आणि शस्त्राचे लग्न लावण्याचा छंद युरोपातला. व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात कंदील अडकवण्याची सोय असलेली ढाल आहे. तीच पाती, तोच हातमोजा, तोच कंदील. फार चमत्कारिक वस्तू, आणि फार वापरली गेली असेल असे तिच्याकडे पाहून वाटत नाही. नळीवरचा विजेचा दिवा जगाने प्रथम लक्षपूर्वक पाहिला तो ५ मे १९८० रोजी, लंडनच्या इराणी दूतावासात. ब्रिटनच्या एसएएस पथकाच्या एमपी-५ बंदुकांवर साध्या विजेऱ्या बसवलेल्या होत्या. पुढे १९९० च्या दशकात पिस्तुलांच्या नळीखाली कारखान्यातच खाचांची पट्टी, म्हणजे रेल, येऊ लागली आणि दिवा दुकानात आला.

१६/ हे नीट लक्षात घ्या. ते पथक कोणत्या परिस्थितीत होते? इमारतीत सशस्त्र लोक आहेत हे निश्चित, आत जाण्याचा निर्णय वरून झालेला, आपले सहकारी कोठे आहेत हे ठाऊक, प्रशिक्षण दिवसरात्र. 'कोण आहे?' हा प्रश्न त्यांच्यापुरता बराचसा सुटलेला होता. आपल्या घरात मध्यरात्री भांडे पडल्याचा आवाज आला तेव्हा नेमका तोच प्रश्न सुटलेला नसतो.

१७/ आणि येथे मुद्द्याचे मर्म आहे. दिवा नळीला जखडला की पाहण्यासाठी रोखावे लागते. परड्यात मांजर आहे का, बाबा आहेत का, पाणी प्यायला उठलेला भाचा आहे का, हे कळून घेण्याचा एकच मार्ग उरतो : त्यांच्यावर भरलेले पिस्तूल धरणे. बंदूक शिकवणारा कोणताही शहाणा माणूस पहिल्याच दिवशी सांगतो की, जे नष्ट करण्याची तयारी नाही त्याकडे नळी वळवू नये. हे उपकरण तो नियम मोडल्याशिवाय चालतच नाही.

१८/ प्रतिपक्षाचा उत्तम युक्तिवाद मी लपवणार नाही. ते म्हणतात, दिवा असल्यामुळेच चुकीची गोळी टळते. अंधारात झाडलेल्या गोळीपेक्षा पाहून न झाडलेली गोळी बरी. शिवाय दोन्ही हात शस्त्रावर राहतात, नेम स्थिर होतो, भेदरलेल्या क्षणी विजेरी शोधावी लागत नाही. यातले बरेच खरे आहे. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यातील बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपलाच सोबती गोळीने मारला. तेथे नीट उजेडात नीट पाहिले असते तर कदाचित तो माणूस जगला असता.

१९/ परंतु हा सारा युक्तिवाद 'दिवा हवा' एवढेच सिद्ध करतो. तो दिवा डाव्या हातात का नको, भिंतीवर का नको, याचे उत्तर त्यात नाही. अमेरिकेतील अनेक प्रशिक्षक स्वतःच सांगतात की पिस्तुलावर दिवा असला तरी शोधण्यासाठी वेगळी विजेरी बाळगा. आणि घाबरलेल्या हाताची बोटे सुटी राहत नाहीत, एकत्र आवळली जातात. टेक्ससमधल्या प्लेनो शहरात २०१० मध्ये एका पोलिसाच्या गोळीने माणूस मेला; दिव्याचे बटण दाबायला गेलो आणि चाप ओढला गेला, असे त्या पोलिसाचे म्हणणे होते. २०१४ मध्ये डेन्व्हरच्या पोलीस खात्याने चापाच्या संरक्षक कडीखाली येणाऱ्या अशा बटणांवर बंदी घातली. ही पगारी, सराव करणारी माणसे. आपण वर्षातून किती वेळा सराव करतो?

२०/ कुणी म्हणेल, ब्रिटिशांनी आपल्याला निःशस्त्र केले, म्हणून आपण असे भित्रे झालो. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा अपमानकारक होता, याबद्दल दुमत नाही. युरोपियनांना सूट आणि येथल्या माणसाला परवाना. कोल्हापुरात तर १८५७ च्या उठावानंतर २७ व्या पलटणीची शस्त्रे जेकबने काढून घेतली, ती जखम या मातीतली आहे. पण त्या कायद्याने आपली तलवार नेली. हाळी घालण्याची रीत त्याने नेली नव्हती. ती आपणच सोडतो आहोत.

२१/ आता घरचे. आमचे आठ माग आहेत, कबनूरला. थोरले चुलते, आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो, पगाराची रोकड ने-आण करत, त्यासाठी त्यांच्याकडे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, जुने, कानपूरचे. त्याला रेल वगैरे काही नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी गावात चोरांची अफवा उठली. पोरे काठ्या घेऊन गस्त घालू लागली. प्रत्येक गल्लीत कुणीतरी कुणालातरी पाहिलेले होते.

२२/ त्याच दिवसांत एका रात्री दोनच्या सुमारास कारखान्यातली वीज गेली. बाबांनी रात्रपाळीच्या कामगारांना घरी पाठवले आणि स्वतःही निघाले. आजी जागी होऊ नये म्हणून पुढचे दार न वाजवता परड्याच्या भिंतीवरून आत उतरले. मागच्या दारात तात्या उभे होते. उजव्या हातात रिव्हॉल्व्हर, डाव्या हातात बॅटरी. बॅटरीतले सेल संपलेले. तात्यांनी विचारले, "कोन हाय त्यो?" आणि बाबा म्हणाले, "मी हाय तात्या, लाइट गेल्या कारखान्यातली."

२३/ मी माजघरातून हे ऐकले. त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोलले नाही. सकाळी तात्यांनी बॅटरीत नवे सेल घातले. त्या रात्रीचा विषय त्यांनी वर्षभर काढू दिला नाही.

२४/ माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा, याच प्रसंगाचा दाखला देतो : "दिवा असता तर पप्पांनी काकांना लगेच ओळखलं असतं." ओळखले असते, हे मला मान्य. पण त्याआधीचा क्षण त्याच्या हिशोबात येत नाही. त्या क्षणी बाबांच्या छातीवर झोत असता आणि झोताच्या बरोबर मागे नळी. अफवेने पंधरा दिवस तापलेला माणूस, समोर भिंतीवरून उतरलेली आकृती, आणि बटण चापापासून दोन बोटांवर. बाबा त्या झोतात डोळे दिपून हात वर उचलते, तर तात्यांना ते काय वाटले असते? सेल संपलेले होते म्हणून त्यांना विचारावे लागले, आणि विचारले म्हणून उत्तर आले.

२५/ तात्यांना विचारून हे लिहिते आहे. ते म्हणाले, "नाव घालू नको, बाकी घाल." गेल्या दिवाळीत परड्याच्या दारावर हालचाल टिपून पेटणारा बल्ब बसवला. चुलतभावानेच शिडी लावून बसवला, वायरही त्यानेच ओढली. तो मांजरांसाठी रात्रीतून दहा वेळा पेटतो आणि आजी दर वेळी कुरकुरते. चित्रफीत त्याने अजून पुसलेली नाही. वाद चालू आहे. पुढचा धागा घाशीराम प्रकरणावर, श्रावणातील दक्षिणेच्या व्यवस्थेसह.